बॅटरी घरी, कॅमेरा मक्केत

वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त वाचक होते, तेही नाक मुरडत वाचणारी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी मनात म्हणायची, चष्म्याचा नंबर तपासा. माझं कामच तसं आहे. खाद्यपदार्थांच्या तपासणीच्या लॅबमध्ये आमचा नियम असतो, नमुना शंकास्पद असेल तर निकाल फेकून द्यायचा. पण हा एक निकाल मला काही केल्या फेकता येत नाही... म्हणून लिहितेय.

गोष्ट २००५च्या आसपासच्या हिवाळ्यातली, ग्वेल्फ गावातली. लग्न मोडून, नागपूरचं घर सोडून मी कॅनडात आले होते. एका जुन्या विटांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. वर घरमालक – हसनकाका आणि जैबूनकाकी. दोघं श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. काकांचं सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलेलं, मग मुलामागोमाग इथे आले. मुलगा पुढे कॅलगरीला गेला आणि हे दोघं इथेच राहिले. जाहिरातीत 'बेसमेंट फॉर रेंट' एवढंच होतं. फोन केला तर पलीकडून काकी इंग्रजीत अडखळल्या आणि शेजारी कुणाला तरी म्हणाल्या, "अहो, घ्या ना जरा फोन." मी बेसमेंट न बघताच हो म्हटलं.

काकींना पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेलेला. कमरेखाली संवेदना नाही, त्यात हृदय दुबळं, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्या यंत्राची घरघर माझ्या छतातून दिवसरात्र ऐकू यायची. खरं सांगते, मला ती आवडायची. घरात कुणीतरी आहे एवढं त्यातून कळायचं. बाकी माझ्याशी बोलायला होतं कोण? लॅबमध्ये 'हाउ वॉज युअर वीकेंड' आणि रविवारी कॉलिंग कार्डावर आई, बस्स.

काकींना हजला जायचं होतं. डॉक्टरांनी विमान साफ नाकारलं. काकांची स्वतःची हज आधीच झालेली, म्हणून त्यांनी ठरवलं की या वेळी जैबूनच्या वतीनं करायची. जो कधीच जाऊ शकणार नाही त्याच्या नावानं दुसऱ्यानं जायचं, त्याला हज-ए-बदल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. काकींची एकच अट होती.

"माझ्या नावानं जाताव ना? मग मला दाखवा तरी कुठं कुठं गेले ते. मागल्या टायमाला एक फोटो आणला नाय यांनी."

"माणसांचे फोटो मी काढणार नाय हां," काका म्हणाले. "इबादतीला आलेली माणसं ती. जागेचे काढीन."

मी माझा नवाकोरा डिजिटल कॅमेरा काकांना दिला आणि त्यांना किचन टेबलाशी बसवून शिकवलं. त्यांनी सगळ्याला "येस येस" केलं. जहाजावरच्या माणसाला काय कॅमेरा शिकवतेस, असा एकंदर भाव.

काका गेले. सकाळी काकींना नर्स यायची, संध्याकाळी मी. तीन-चार दिवसांनी रिमोटचे सेल शोधायला किचनचा ड्रॉवर उघडला, तर टॉर्चच्या सेलांशेजारी माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी! मी तिथेच स्टुलावर बसले.

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. मागे रांग आहे, पटकन बोला, अशी घाई. मी विचारलं, "काका, कॅमेरा चालतोय ना?"

"फर्स्ट क्लास! खटाखट काढतोय. आणि तो फ्लॅशचा सेल घरीच काढून ठेवला मी. चुकून फ्लॅश उडाला की गार्ड कॅमेरा घेतात ना. सेलाशिवायच काढतोय, गुपचूप."

माझ्या लक्षात आलं. काकांनी जन्मभर वापरला तो रोलचा कॅमेरा. त्यात सेल लागायचा तो फक्त फ्लॅशला, फोटो बटण दाबलं की निघायचाच. मागच्या काळ्या काचेकडे ते बघणारच नव्हते. वरच्या बारीक खिडकीला डोळा लावायचा आणि दाबायचं. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी नसेल तर भिंगावरचं झाकणसुद्धा उघडत नाही हो! आंधळा कॅमेरा घेऊन म्हातारा मक्केत फिरत होता. हे फोनवर सांगणार कशी? काकी समोर चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा सगळा फुललेला.

"काढतात ना फोटो?" त्यांनी विचारलं.

"हो तर," मी म्हटलं.

नंतर काकींनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला लावलं. समोरची भिंत मोकळी हवी, फोटो लावायला. ही बाई काय मागत होती? तर घराबाहेरचं काहीतरी, नवऱ्यानं तिच्यासाठी बघितलेलं. आणि तेवढंही तिला मिळणार नव्हतं.

एका संध्याकाळी कामावरून आले तर काकी थकून पडलेल्या. "पाय चेप गो जरा," म्हणाल्या. त्यांना पायांत काही जाणवतच नव्हतं, तरी मी बसले चेपायला. तळवे गरम होते – उन्हातल्या फरशीवरून चालून आल्यावर होतात तसे. बाहेर उणे अठरा, घरात हीटर कुरकुरत चाललेला.

"लई चालले आज," काकी म्हणाल्या. "हे नेहमीसारखे पुढे पुढे. हाक मारली तरी वळत नाय."

ही त्यांची जुनीच तक्रार होती. बाजारात, लग्नाला, इथल्या ग्रोसरीतसुद्धा काका ताडताड पुढे जायचे, आणि धडधाकट होत्या तेव्हा काकी मागून पिशवी घेऊन. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल. ताप बघितला, नव्हता.

काका परतले ते डोक्याचं मुंडण केलेले, खजूर आणि मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन. दुपारची वेळ होती. मी त्यांना किचनमध्ये ओढलं, ड्रॉवर उघडून बॅटरी दाखवली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. एवढा उंचपुरा माणूस, ओट्याला धरून उभा राहिला.

"मग तिला दाखवू काय मी, वृंदा?"

आतून काकींची हाक आली, "आणताव ना गो फोटो?"

मी मनाशी ठरवलं, कार्ड खराब झालं म्हणून सांगायचं. दोष यंत्रावर ढकलायचा, काकांवर नको. काकींच्या खोलीतल्या टीव्हीला वायर जोडली, बॅटरी घातली आणि चालू केलं. पहिला फोटो माझाच – गोठलेली स्पीड नदी, दिवाळीनंतर मी काढलेला. त्यानंतर काही नसणार, हे दाखवण्यापुरतं मी पुढचं बटण दाबलं.

पांढरा संगमरवर आणि माणसंच माणसं.

पुन्हा दाबलं. मदिनेचा हिरवा घुमट, जरा तिरका. मिनाचे तंबू. मग अराफतचं उघडं माळरान. झमझमच्या पिंपांची रांग. मदिनेचा हिरवा घुमट, जरा तिरका. तारखेच्या जागी नुसत्या रेघा होत्या. काका दारात उभे होते ते तिथेच खाली बसले.

अजून एक गोष्ट होती. सगळे फोटो फार खालून घेतलेले, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. आणि प्रत्येकात थोडं पुढे एकच पाठमोरा माणूस. उंच, डावा खांदा उतरलेला, मानेशी कॅमेऱ्याचा पट्टा. एका फोटोत तो कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. तोच कॅमेरा, माझा, जो त्या क्षणी माझ्या हातात होता!

"तुझे काका," काकी म्हणाल्या.

"सगळे पांढऱ्या कपड्यात आहेत काकी, कशावरून?"

"उभा जन्म पाठच बघितली त्यांची. मी नाय वळखणार?"

त्या आनंदानं बघत होत्या. घाबरलो होतो आम्ही दोघं. मी काकांना विचारलं, कॅमेरा कुणाच्या हातात दिला होता का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. रात्रीसुद्धा तो गळ्यातून काढला नव्हता.

शेवटचा फोटो आला. मक्केतून निघायच्या दिवशीचा. काका रोजच्या करड्या कुर्त्यात, गर्दीत थांबलेले – आणि वळलेले. सरळ आमच्याकडे बघत होते. डोळे भरलेले, तोंड जरासं उघडं.

"निरोपाचा तवाफ, काबेभोवतीच्या शेवटच्या फेऱ्या, करून निघालो होतो," काका खालूनच म्हणाले. "मागून कुणीतरी 'अहो' म्हटलं. तिथे, त्या दुनियेत... 'अहो' कोण म्हणेल मला? वळून बघितलं. कोणच नव्हतं."

काकी कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "वळलात बाई एकदाचे," म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या.

तोच एक फोटो आम्ही मोठा करून भिंतीवर लावला. माणसांचे फोटो नकोत म्हणणाऱ्या काकांनी स्वतः खिळा ठोकला. बर्फ वितळायच्या आत काकी झोपेतच गेल्या. यंत्राची घरघर बंद झाली. त्या शांततेत मला बेसमेंटमध्ये बसवेना, मी वर जाऊन काकांसोबत चहा प्यायले.

त्यानंतर मी सगळं तपासलं. कार्ड बदललं होतं का? नाही, माझी नदी त्यावरच होती. कुणी दुसरी बॅटरी दिली का? काकांना बॅटरी लागते हेच ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या माणसानं खांदे उडवले. फोटो कुणी काढले, हे मला आजही सांगता येत नाही. काय वाटतं ते सांगू शकते, पण वाटण्याला आमच्या लॅबमध्ये किंमत नाही.

पुढे मी नॉर्थ यॉर्कला कॉन्डोत राहायला गेले. तरी महिन्यातून एकदा ग्वेल्फला जाऊन काकांना ग्रोसरीला नेते. काका आता हळू चालतात. चार पावलं गेले की थांबतात, वळून मागे बघतात, आणि मागचं माणूस येऊन पोचेल एवढा वेळ उभे राहतात. मग पुढे निघतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासाठी थांबतायत.

मी तर त्यांच्या शेजारीच चालत होते.