जानरावांच्या पाटीवरचा नवरदेव

भातकुलीचे जानराव गावंडे सोयरिकी जुळवायचे, आणि तोंड असं की दोन घरचा चहा पिऊन तिसऱ्या घरी ‘सकाळपासून पोटात घोट नाही’ म्हणाले, तर तिथल्या बाईच्या डोळ्यांत पाणी यावं. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या जिभेवर बसून मांडवात आली.

त्यांची रीत ठरलेली. सतरंजीवर मांडी घातली की आधी पोराच्या आईच्या हातच्या वरणाची गोष्ट. मग त्या घरच्या विहिरीचं पाणी. मग पोराच्या आजानं गावच्या मारुतीला घंटा कशी वाहिली, ती वाजवताना खाली कशी पडली, आणि कोणाच्या पायावर. ऐकता ऐकता पोरीच्या बापाच्या तोंडून ‘आपला पोरगा’ असं निघालं, की मग विड्याचं पान लावता लावता हळूच सांगायचं, की पोराचा एक पाय जरा आखूड आहे. लपवलं कधीच नाही. फक्त शेवटी सांगितलं. तोवर पाय काय, पोरगा बसूनच आला असता तरी चाललं असतं.

असा हा माणूस, आणि घरात एकुलता एक विपुल तिशी ओलांडून बसलेला. बी.ए. झालेला, दारू नाही, खर्रा नाही, पंप दुरुस्त करायला अर्धं गाव त्यालाच बोलावणार. खोट एकच. शेती करायचा. त्या वर्षांत आमच्याकडं कापूस आणि सोयाबीन दोघांनी मिळून माणसाचं असं काही केलं होतं, की पोरीचा बाप ‘शेती’ हा शब्द ऐकला की चपला शोधायला लागायचा. मग तो स्वतः शेतकरी का असेना. स्वतः असला तर जरा जास्तच.

गल्लीतल्या बायका माणिकबाईला, म्हणजे जानरावांच्या बायकोला, नळावर गाठायच्या. “काय व माणिकबाई, जगाचे लग्न लावून राहिला तुहा बुढा. घरचा नवरदेव काय लोनच्यात टाकला?”

माणिकबाई हसून घागर उचलायची. घरी येऊन ती जरा जोरात आपटायची.

आता कोणी म्हणेल, एवढी जीभ आहे तर पोरासाठी का नाही चालवत? तर तसं चालत नाही. सोयरिकी आणणाऱ्यानं स्वतःच्या घराचं नाव काढायचं नसतं. मध्ये दुसरा माणूस लागतो. स्वतःच्या पोराची तारीफ स्वतः करणाऱ्याला लोक हसतात. आणि दुसरा माणूस आणावा कुठून? जे कोणी थोडंफार बोलणारे होते, त्यांना जानरावांनीच कधी धंद्यात टिकू दिलं नव्हतं.

अशात अमरावतीच्या वधू-वर केंद्रात त्यांनी एक बाई पाहिली. ती बोलतच नव्हती. पाटीसारखं काहीतरी पाहुण्यांच्या हाती द्यायची, पाहुणे त्यावर बोट फिरवायचे, एकामागून एक नवरदेव यायचे, जायचे. जानराव दारात उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. यात वीस पोरं असली, तर त्यात आपलंही एक असू शकतं. आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही.

दुसऱ्याच दिवशी बाप-लेक राजकमल चौकाच्या मागं सरफराजच्या दुकानात. सरफराजनं मोठे लॅपटॉप बाजूला सारले आणि एक छोटं, स्वस्तातलं काढलं. “काका, ये देखो. टाइप करना है तो लॅपटॉप. और ये...” असं म्हणून त्यानं पडदा पार मागं नेऊन पाठीला पाठ लावली. “अब पाटी.”

जानराव दचकले. “मोडलं बाप्पा!”

“मोडलं नाही हो बाबा, तसंच आहे ते,” विपुल म्हणाला.

“याले सैपाकघरात देता येते काय? बायाईच्या हाती?”

“सैपाकघरात द्या, पण चुलीवर नका ठेवू,” सरफराज म्हणाला. “किसके लिए चाहिए?”

“सोयरिकीसाठी.”

“मग माझाबी फोटो टाका त्यात. बेगम को मत बताना.”

घरी आणल्यावर माणिकबाईनं हळद-कुंकू लावलं. कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लावलं, त्यामुळं पुढचे दोन दिवस त्यात काढलेला प्रत्येक फोटो लाल येत होता. गल्लीनं त्याचं नाव ‘पलटी’ ठेवलं आणि सगळी गल्ली नवरदेव पाहायला जमली. ते स्वस्तातलं मशीन, थोडं तिरपं झालं की चित्र उलटं व्हायचं. शेजारची म्हातारी पार्बताबाई मान वाकडी करून म्हणाली, “हा कावून डोक्यावर उभा आहे? योगा करते काय?”

संध्याकाळी विपुल कळफलकावर बसायचा आणि जानराव सांगायचे. प्रत्येक पोराचं एक पान: फोटो, शिक्षण, मामेकूळ, व्यवसाय. नाव मात्र नाही, फक्त गाव. नाव लिहिलं की लोक परस्पर गाठतात आणि मधल्याला विसरतात, हे जानरावांना पक्कं ठाऊक. सगळ्यात शेवटी विपुलनं स्वतःचं पान केलं. फोटो अमरावतीच्या स्टुडिओतला. कोट स्टुडिओचाच, मागून चिमट्यांनी आवळलेला, आणि तोंड दोन छटा गोरं केलेलं.

“व्यवसाय सगळ्यात खाली लिही,” जानराव म्हणाले.

“खाली लिहा नाही तं वर, बाबा. लोकं तेच शोधतेत.”

“लिही म्हनतो ना.”

त्यानं लिहिलं. ते पान कुठं ठेवायचं यावर जानरावांनी चार दिवस घातले. आधी पहिलं ठेवलं, ते बरं दिसेना. शेवटी एका टकल्या तलाठ्याच्या लगेच मागं ठेवलं. म्हणजे डोक्यावरून नजर घसरून केसांवर यावी.

टकल्या तलाठ्याचं आठ दिवसांत जमलं.

पाटी घरोघर हिंडू लागली. जानराव बाहेर बसायचे, पोरीच्या बापाबरोबर पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि कान आत लावायचे. आत पाटीभोवती बायका. पूर्वी पोरीला काही विचारायची पद्धत नव्हती, आता तिचं स्वतःचं बोट फिरायचं. हे बरंच झालं म्हणायचं, जानरावही तेच म्हणायचे. पाटी परत यायची तेव्हा तिच्यावर पिठाचे, हळदीचे ठसे असायचे, आणि पडद्यावर कोणता पोरगा उघडा आहे ते जानराव आधी पाहायचे. तिथं अकोल्याचा कंपाउंडर असायचा, शाळेतला शिपाई असायचा, पुण्याला कंपनीत काय करतो ते कोणालाच माहीत नसलेला एक असायचा.

एकदा पातूरकडच्या एका घरातून पाटी बाहेर आली आणि वर विपुल होता. जानरावांच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

“पोरीनं... हाच काय?”

पाटी घेऊन आलेली पोरीची वहिनी म्हणाली, “नाही काका, इथंच अटकलं ते. पुढंच सरकून नाही राहिलं.”

“बंद करून चालू करा,” जानराव म्हणाले. ते कसं करायचं हे त्यांनी स्वतःच दाखवलं.

चैत्र लागला. अचलपूरजवळच्या एका खेड्यात नत्थुजी नावाच्या माणसाची पोरगी होती, आचल. बारावी झालेली. विपुल बापाला गाडीवर घेऊन गेला आणि नेहमीसारखा बाहेर लिंबाखाली थांबला. अंगणात एक बाई, विपुलच्याच वयाची असेल, सुपात तूर निवडत बसली होती. कपाळ मोकळं. विपुलनं तिला पाणी मागितलं, तिनं तांब्या आणून दिला.

पाटी आत गेली, आणि नेमकी त्याच दिवशी परत अटकली. आचल ती घेऊन बाहेर बैठकीतच आली. “काका, हालत नाही हे.”

जानरावांनी चार ठिकाणी बोट दाबून पाहिलं. नत्थुजीनं दाराबाहेर पाहिलं. “तो पोट्टा उन्हात काहून उभा आहे? कोन आहे तो?”

आता इथं ‘माहा पोरगा’ म्हणायला काय झालं होतं? पण पोराचं पान पाटीत, आणि पोरगा दारात. सोयरिकीवाला स्वतःचाच नवरदेव घेऊन हिंडतो, असं झालं असतं.

“गाडीवर आनते मले,” जानराव म्हणाले. “याले मशीनचंही समजते.”

विपुलनं ते ऐकलं. तो आत आला, पाटी हातात घेतली, बाजूचं बटन दाबून धरलं. मशीन बंद झालं, चालू झालं, बराच वेळ पांढरं चाक गरगर फिरत राहिलं. मग चित्र आलं. अटकलं होतं त्याच पानावर. चिमट्यांनी आवळलेला कोट, गोरं तोंड.

नत्थुजीनं डोकावून पाहिलं. “पोरगा तं बरा दिसते. कसा आहे?”

जानरावांना कोणी असं किती दिवसांत विचारलं नव्हतं. पाटी आल्यापासून कोणी काही विचारतच नव्हतं, सगळे पाहतच होते. जानरावांची मांडी आपोआप सावरली. आणि त्यांनी सुरू केलं.

आधी पोराच्या आईच्या हातचं वरण. मग त्या पोरानं लहानपणी विहिरीत पडलेलं कुत्र्याचं पिल्लू टोपलं सोडून कसं काढलं, आणि ते पिल्लू वर आल्यावर त्यालाच कसं चावलं. सगळे हसले. आतून आचलची आई दाराशी येऊन उभी राहिली. मग गेल्या दुष्काळात बैलांना पाणी नव्हतं, तेव्हा तो पोरगा रोज शेजारच्या गावाहून पाणी आणायचा, आणि आपल्या बैलांआधी एका म्हाताऱ्याच्या गाईला पाजायचा.  अंगणातल्या बाईनं सूप खाली ठेवलं. विपुल पाटी हातात धरून खाली पाहत उभा होता.

“शेती करते,” जानराव शेवटी म्हणाले. “पन मानूस आहे राजेहो. असा मानूस मी अख्ख्या तालुक्यात नाही पाह्यला.”

नत्थुजी पुढं सरकला. “कोनाचा हो एवढा गुनाचा पोरगा?”

सोयरिकीत जानरावांना खोटं बोलायची सवय नव्हती.

“माहाच.”

 मग नत्थुजी खदखदून हसला. “मंग तं तुमी सांगनारच बाप्पा! बापच तं तुमी!” आचलची आई पदर तोंडाला लावून हसली. आतून आणखी कोणीतरी हसलं. हसण्यात काही वाईट नव्हतं, लोक चांगले होते. पण कुत्र्याचं पिल्लू, बैल, ती गाय, सगळं एका दमात खोटं झालं. जानरावही हसले. त्यांना त्या वेळी दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आचल हसली नव्हती. ती विपुलकडं पाहत होती. मग पाटीकडं, मग परत त्याच्याकडं.

“तुमीच काय हे?”

“हो.”

“फोटोत गोरे दिसता.”

“स्टुडिओवाल्यानं केलं,” विपुल म्हणाला.

“काका खरं सांगून राहिले,” ती म्हणाली. “मले समजते.” मग तिनं अंगणाकडं पाहिलं. “ते माही काकू हाये. माहा काका शेतीच्या कर्जापायी गेला, त्याले दिवाळीत वर्ष झालं. काकाबी लय चांगला होता. आमच्या घरात त्याच्याएवढा चांगला कोनीच नव्हता.”

नत्थुजीचं हसणं थांबलं. “आचल, आत जा.”

“जातो ना बाबा. एवढं सांगू द्या.” तिचा आवाज मुळीच चढला नाही. “मले चांगल्याचा भेव वाटते, काका. राग नोका मानू.”

 तेव्हा विपुलनं पाटीवर बोट फिरवलं. एक पान, दुसरं, तिसरं. तो थांबला आणि पाटी तिच्यापुढं धरली.

“हा पाहा. अकोल्याचा कंपाउंडर आहे. मी याले ओळखतो.” तो खालीच, बापाच्या शेजारी, सतरंजीच्या काठावर बसला. “याची माय आहे ना, ते ज्वारीच्या कण्या करते, ताकातल्या. असं वाटते माणसानं तिथंच राहावं...”

आणि तो सांगत गेला. दवाखान्यात त्या पोरानं एका आजीचा हात रात्रभर कसा धरला होता. त्याच्या घरापुढं कडुलिंब कसा आहे, आणि नळाला रोज पाणी कसं येतं. आचलची आई दाराची चौकट सोडून बैठकीत आली आणि खाली बसली. नत्थुजी मान हलवत होता. जानराव लेकाच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. पगार थोडा कमी आहे, हे त्यानं अगदी शेवटी सांगितलं.

“आपल्या अकोल्याच्या पोराले म्हना, येऊन जा रविवारी,” नत्थुजी म्हणाला.

दिवेलागणीला दोघं परतले. घरी माणिकबाई चुलीपाशी होती. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग लेकाच्या.

“पोरगी कशी हाये रे?”

“चांगली हाये, माय,” विपुल म्हणाला. त्यानं पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. “अकोल्याले देऊन राहिले तिले.”

माणिकबाईनं तव्यावरची भाकर उलटली. “बसा मंग जेवाले,” ती म्हणाली, आणि त्यानं मागितली नव्हती तरी दुसरी भाकर त्याच्या ताटात टाकली. विपुल ती खात राहिला. जानरावांचा हात तेवढा वेळ ताटात तसाच होता.