मंजुळाबाईंची घोरपड

मंजुळाबाई तरे भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायला आल्या, त्याच आठवड्यात त्यांची आणि माझी ओळख झाली. मी विज्ञानाचा शिक्षक. शनिवारी शाळा सुटली की मुलांना मी जुने इंग्रजी साहसपट दाखवीत असे. दुर्गम बेटावर जाऊन पोहोचलेली माणसे आणि तिथले डायनॉसोर. तारेचा सांगाडा, त्यावर रबराची कातडी. तो पुतळा केसभर हलवायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा केसभर हलवायचा. अशी असंख्य चित्रे एकामागून एक सरकली की पुतळा चालू लागतो. या कारागिरीचे मला लहानपणापासून वेड. भिवंडीत ते आणखी कुणाला असल्याचे मला ठाऊक नव्हते, आणि मला ते तसेच बरे वाटत होते.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी माझ्या सीडीवरचे चित्र पाहिले आणि विचारले, "सर, ही घोरपड रागावलेली हाय का भुकेली?"

"घोरपड नाही बाई, डायनॉसोर आहे. रबराचा."

"ते हाय हो. पण रागावलेला का भुकेला?"

तो चित्रपट मला तोंडपाठ होता, पण त्या जनावराच्या मनात काय चालले असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. बाईंचा हेवा वाटू लागला तो तेव्हापासून. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या संपादकांनी मनापासून लिहायला सांगितले आहे, म्हणून तो झाकून ठेवीत नाही.

बाई शनिवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. मी पडद्याशेजारी उभा राहून माहिती देई. माणूस आणि डायनॉसोर एका काळात कधीच नव्हते, वगैरे. मुले जांभया देत. एका शनिवारी ऐन रंगात वीज गेली. आजूबाजूच्या कापड कारखान्यांतले लूम बंद पडले आणि सगळीकडे एकदम शांत झाले. नायिका कड्याच्या टोकाला, मागे डायनॉसोर, आणि पडदा कोरा. मुले दप्तरे उचलू लागली.

"बसा रे," मागून बाईंचा आवाज आला. "ती पोरगी तिथं लटकलीय, आन् तुम्ही घरी चाललात?"

त्या पुढे आल्या आणि गोष्ट सांगू लागल्या. जनावर म्हणे मादी होती. माणसांनी तिची अंडी पळवली होती, म्हणून ती पिसाळली होती. सांगताना बाई स्वतःच मान वळवीत, फुसकारत. मुले हलेनात. थोड्या वेळाने लूम पुन्हा खडखडू लागले. वीज आली म्हणून मी प्रोजेक्टर लावायला गेलो, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "सर, अभी मत लगाओ ना! बाईंचं पूर्ण होऊ दे!"

मी बटणावरचा हात काढला.

चित्रपटात अंडी नव्हतीच. बाईंनी शेवट पाहिलेलाच नव्हता. नंतर मी तसे बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "मग काय करू, सर? पोरं उठली असती. तुमचा खेळ मोडला असता." त्यांनी माझाच खेळ सावरला होता. त्यामुळे रागवायचीही सोय राहिली नाही.

पुढे पडद्याशेजारी त्याच उभ्या राहू लागल्या. त्यांच्या अंजूर गावातही खेळ झाले. बाजारात लोक मला ओळखू लागले, ते "डायनॉसोरवाल्या बाईंच्या शाळेतले सर" म्हणून.

मग माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. वडील निवृत्त कारकून. माझ्या या छंदाला ते आयुष्यभर "रबराची खेळणी" म्हणत आले. एकदाही सोबत बसले नाहीत. मी रजा घेतली. बाईंनी शनिवार चालू ठेवले आणि दर वेळी "हा सरांचा खेळ" असेच सांगितले. खेळ आटोपला की रिक्षाने घरी जाण्याऐवजी त्या आमच्याकडे येत, वडिलांना पेज भरवीत आणि त्या दिवशीची गोष्ट सांगत. वडील वाकड्या झालेल्या ओठांनी हसत. माझ्या बोलण्यावर ते असे हसल्याचे मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत असे, आणि काय सांगू, जीव जळत असे.

एका दुपारी वडील अडखळत म्हणाले, "ते... लाव." मी टीव्हीवर चित्रपट लावला आणि त्यांच्याजवळ बसलो. शेवटपर्यंत पाहून ते म्हणाले, "बाई सांगतात... तशी मजा नाही."

मी बंद करायला उठलो.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. आणि दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी विचारले, "हे हलवतात... कसं?"

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी लहानपणापासून थांबलो होतो. मी सांगत गेलो, त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

ती दुपार मला बाईंमुळे मिळाली, हे मी जाणतो. तरी वडील आधी त्यांच्या गोष्टीला हसले, हे सलते ते सलतेच.

मंजुळाबाईंनी आता साठी गाठली आहे. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि शंभरीपर्यंत त्या धडधाकट राहोत. त्यांचा हेवा करण्यात माझी उरलेली वर्षे सुखाने जातील.