वाव्हळेभाऊ जागेवर नाहीत

आमच्या कार्यालयाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला कार्यालय सुटलं की घरी पोचून प्रत्येकानं त्यात आपला दिवसभराच्या कामाचा आकडा टाकायचा आणि साहेबांनी त्याच्यावर अंगठा उमटवायचा, असा रिवाज. त्या दिवशीही आकडे पडत होते. जाधवकाका एकवीस, मी बारा, अमुक अठरा… आणि मग वाव्हळेभाऊंच्या नावानं एक संदेश आला. भाऊ त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळं रजेवर असताना यांनी कसला आकडा टाकला म्हणून मी उघडून बघितलं. त्यांच्या फोनवरून त्यांच्या मुलानं लिहिलं होतं, "आमचे वडील आज दुपारी चार वाजता गेले." सवयीनं साहेबांचा अंगठा त्याच्यावरही उमटला. मग अर्ध्या मिनिटात तो गायब झाला आणि हात जोडलेले आले. मी स्वयंपाकघरात उभी होते. पहिल्यांदा मला हसू आलं हे कबूल करते. कारण हे भाऊंनी बघितलं असतं तर तेच सगळ्यात आधी हसले असते. मग मी खाली बसले आणि खूप रडले.

गौतम वाव्हळे. सगळ्यांचे भाऊ. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात आम्ही सोळा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. कोणत्या तालुक्याच्या, ते लिहीत नाही, नाहीतर साहेब माझ्याकडं खुलासा मागतील. भाऊ वालूरचे. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. खांद्याला एक खाकी पिशवी असायची आणि तिच्यात डब्यापेक्षा बाकीचंच सामान जास्त. डिंकाची बाटली, टाचण्या, शाईचा पॅड, फोटो कापायची छोटी कात्री, कोऱ्या फॉर्मांची चळत. एकदा एका म्हाताऱ्याला अर्जावर लावायला फोटो नव्हता, तर त्याच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवरचा फोटो कापून चालेल का, यावर भाऊंनी साहेबांशी पाऊण तास वाद घातला. तो चालला नाही. मग भाऊ स्वतः त्याला घेऊन फोटो स्टुडिओत गेले, आणि फोटोत म्हातारा डोळे मिटतो म्हणून फोटोवाल्याच्या मागं उभं राहून तोंडं वेडीवाकडी करत बसले. तो फोटो मी बघितलेला आहे. सरकारी कागदावर इतका खदाखदा हसणारा अर्जदार मी दुसरा बघितला नाही.

हीच त्यांची कामाची रीत. खिडकीत माणूस आला, कागद बघितला, काही कमी असलं तर "हे आणा, ते आणा" असं सांगायचंच नाही. खुर्चीवरून उठायचं आणि त्या माणसाबरोबर चालू लागायचं. झेरॉक्सच्या दुकानात, शेजारच्या टेबलावर, बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाकडं. पुरा कागद घेऊनच परत यायचं. त्यामुळं भाऊंची खुर्ची कायम रिकामी. कोणी साहेब अचानक पाहणीला आले की शेरा ठरलेला : वाव्हळे जागेवर नाहीत.

एकदा डबा खाताना मी विचारलं, "भाऊ, तुम्ही असे प्रत्येकाच्या मागं कशाला फिरता?" तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील सालगडी होते. भाऊंच्या वसतिगृहाच्या प्रवेशाला एक दाखला पाहिजे होता, त्यासाठी वडील अकरा वेळा एका कचेरीत गेले. दर वेळी एक नवीन कागद कमी निघायचा. अकराव्या वेळी दाखला मिळाला, तोवर प्रवेश संपले होते. "माझं एक वरीस गेलं ताई. बापाची अकरा दिवसांची मजुरी गेली. मी नोकरीला लागलो त्या दिशी बाप संगं आला होता. या दारात हुबा राहून म्हनला, गौतम, कुनाला माघारी धाडू नको…" एवढं बोलून ते माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेऊ लागले आणि तिखट कमी आहे म्हणून मला नावं ठेवू लागले.

तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. तरुण, हुशार, मनानं वाईट नाहीत. कसल्यातरी प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना 'कार्यक्षमता मापन पत्रक' घेऊन आले. प्रत्येकानं रोज किती प्रकरणांची निर्गती केली ते लिहायचं. महिन्याच्या एक तारखेला यादी लागणार. सगळ्यांची नावं काळ्या शाईत आणि सगळ्यात शेवटच्याचं लाल. सलग तीन महिने जो लाल, त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा. निर्गती म्हणजे काय, असं जाधवकाकांनी भीत भीत विचारलं. साहेब म्हणाले, कागद तुमच्या टेबलावरून गेला की निर्गती. कुठं गेला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. सरकारी नोकरीत इतकी सोपी व्याख्या पुन्हा मिळते की नाही, कोण जाणे.

मग आमच्या कार्यालयाच्या अंगात जे वारं शिरलं ते काय सांगावं! जाधवकाकांकडं दोन टेबलांचा कारभार होता. त्यांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला पत्र लिहिलं, खुर्ची सरकवून पलीकडं बसले आणि त्याला उत्तर दिलं. दोन निर्गती. पुढं त्यांनी स्वतःला स्मरणपत्र धाडलं. मार्चअखेरीस तर "आपण वारंवार कळवूनही दखल घेत नाही" म्हणून स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस काढली आणि खुलासा समाधानकारक वाटल्यानं प्रकरण बंद केलं. सात निर्गती झाल्या. संध्याकाळी काका इतके थकलेले असायचे की काकू मला फोन करून विचारायच्या, हापिसात एवढं काय काम वाढलंय?

मी काकांना हसते खरी, पण माझा उद्योग त्याहून वाईट. त्रुटी काढून अर्ज परत केला तर ती निर्गतीच धरायची, असा नियम होता. एका अर्जात तीन त्रुटी असल्या आणि तिन्ही एकदम सांगितल्या तर परत केल्याची एक आणि मंजुरीची एक, अशा दोनच निर्गती. पण आज एक सांगितली, पुढच्या खेपेला दुसरी, त्याच्या पुढच्या खेपेला तिसरी, तर अर्ज मंजूर होईपर्यंत चार. हे गणित मला कोणी शिकवलं नाही, माझं मलाच सुचलं. त्या वर्षी मी सलग पाच महिने यादीत पहिली आले. साहेबांनी गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र दिलं. सासूबाईंनी ते शोकेसमध्ये, माझ्या नवऱ्याच्या कबड्डीच्या कपाशेजारी ठेवलं. बोरीला माझ्या माहेरीसुद्धा बातमी गेली. त्या पाच महिन्यांत किती माणसं माझ्या खिडकीपाशी दोन-दोन, तीन-तीनदा येऊन उभी राहिली असतील… त्यांचे चेहरे मी बघतच नव्हते. मी कागद बघत होते.

आणि यादीच्या तळाशी, लाल शाईत, दर महिन्याला एकच नाव. भाऊंचा दिवसाचा आकडा सहा किंवा सात. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलं. "वाव्हळे, तुमचं काम दिसतच नाही. खिडकीत तुमच्याकडं रांगसुद्धा नसते." भाऊ म्हणाले, "व्हय साहेब, रांग नसती. आलेलं मानूस दुसऱ्यांदा येत न्हाई, मंग रांग कशी हुईल?" साहेबांना वाटलं, माणसं यांना कंटाळून येत नाहीत. त्यांनी प्रतिकूल शेरा लिहिला आणि भाऊंची खिडकी काढून त्यांना मागच्या अभिलेख कक्षात बसवलं. तिथं लाल फडक्यांत बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, त्यातले कितीतरी निजामाच्या काळातले उर्दूतले, आणि धूळ. भाऊ खिडकीतनं उठले, पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "ताई, शेऱ्याचं वाईट वाटायलंय बरं का. लाल शेरा घिऊन घरी जायचं न्हवतं मला." नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

पण माणसं काही ऐकेनात. महिनाभरात अभिलेख कक्षापुढं चपलांचा ढीग दिसू लागला. खिडकीत यायच्या आधी लोक मागच्या दारानं भाऊंकडं जायचे. भाऊ तिथल्या गठ्ठ्यांवर बसवून त्यांचे अर्ज पुरे करायचे, डिंक लावायचे, फोटो कापायचे आणि मग माझ्याकडं पाठवायचे. माझ्या टेबलावर जो कागद येई तो आरशासारखा स्वच्छ. त्रुटी म्हणून नाही! मंजुरीशिवाय गत्यंतर नाही. चाळीसवरनं मी वीसवर आले, विसावरनं बारावर. फेब्रुवारीची यादी लागली तेव्हा पहिल्यांदा भाऊंचं नाव वर सरकलं. अभिलेख कक्षातले जुने गठ्ठेही निर्गतीत मोजायचं ठरल्यामुळं त्यांचा आकडा वाढला होता. आणि तळाशी, लाल शाईत, मी.

मी तावातावानं मागच्या खोलीत गेले. "भाऊ, तुमच्यामुळं माझं नाव खाली गेलं!"

"कामून? मी काय केलं?"

"सगळ्यांचे कागद पुरे करून पाठवता! मी त्रुटी कशात काढू?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मंग असं करू का ताई, रोज दोन कागदांत एकेक चूक ठिवून धाडतो. दोन पुरतील का तुमाला? का चार पायजेत?"

मी हसले नाही. म्हणजे हसायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी एक अर्ज आला, त्याला चिठ्ठी टाचलेली : "ताई, यात एक त्रुटी हाय. सापडते का बघा." मी दुपारचा चहा सोडून तो अर्ज पाचदा वाचला. तारखा जुळवल्या, शिक्के पारखले, सह्या ताडून बघितल्या. काही सापडेना. शेवटी हार मानून मागं गेले तर भाऊ गठ्ठ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. त्रुटी नव्हतीच. तेव्हा मात्र मलाही हसू आवरेना, आणि पाच महिन्यांच्या गुलाबाच्या फुलांची मला त्या धुळीत बसून खरोखर लाज वाटली. भाऊंना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चटनीत तिखट वाढवा जरा."

मार्चमध्येही मी लाल होते. एप्रिल चालू असताना भाऊ गेले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी दुपारी प्रयागवहिनी माझ्या खिडकीत आल्या. भाऊंच्या पत्नी, अंगणवाडीत मदतनीस आहेत. वारसाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आल्या होत्या. मी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. जन्मभर लोकांचे कागद पुरे करणाऱ्या माणसानं स्वतःचा एक कागद धड ठेवला नव्हता. अर्जात तीन त्रुटी होत्या. इकडं माझा सलग तिसरा लाल महिना पुरा होत आला होता. शेरा पडला असता तर अव्वल कारकुनाची माझी बढती गेली असती, आणि तिची वाट मी नऊ वर्षं बघत होते. भाऊ गेल्यावर अपुरे कागद पुन्हा येऊ लागले, माझा आकडा चढला आणि आता जाधवकाकांच्या वर जायला मला तीनच निर्गती हव्या होत्या. टेबलावर परत करायचे दोन कागद सही करून तयार होते आणि तिसरा माझ्या हातात होता. "वहिनी, शपथपत्र नाही, परवा घेऊन या" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? वहिनी घाम पुसत उभ्या होत्या. वालूरहून दुपारच्या उन्हात दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

मी खुर्चीवरून उठले. खिडकीतल्या माणसासाठी, सोळा वर्षांत पहिल्यांदा. वहिनींना घेऊन झेरॉक्सला गेले, अर्जनविसाकडं गेले, तिथनं शपथपत्राला. सगळं होईस्तोवर साडेपाच वाजले. तयार असलेले ते दोन कागद मी परत केलेच नाहीत. महाराष्ट्र दिनाची सुटी झाल्यावर त्या दोघांना फोन करून बोलावलं आणि सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या. साहेब पाहणीला येऊन गेल्याचं नंतर कळलं. माझ्या नावापुढं काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

दाखला न्यायला वहिनी आठवड्यानं आल्या. मी तो आणायला आत गेले आणि परत आले तर त्या सूचना फलकापुढं उभ्या. बोट यादीवर.

"ताई, हीच का ती यादी?"

"कोणती, वहिनी?"

"हे सांगायचे की. दर महिन्याला हापिसात यादी लागती, समद्यांची नावं काळ्या शाईत अन् माझं एकट्याचं लाल. साहेबानं माझ्यासाठी येगळी शाई ठिवलीय म्हनायचे. लय रुबाबात सांगायचे."

त्यांना खरं माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. वहिनींचं बोट हळूहळू खाली आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. त्यांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडं वळल्या.

"हे तर तुमचं नाव की! आता तुमाला दिली व्हय ती शाई?"

"हो वहिनी," मी म्हटलं. "भाऊंची होती, ती मला मिळाली."

त्यांनी दाखला पिशवीत ठेवला, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. चांगल्या मानसाकडं गेली."