जावेची मुलगी आधी बोलली

माझा मुलगा माझ्या जावेच्या मुलीपेक्षा तीन आठवड्यांनी मोठा. हे मी लोकांना न विचारता सांगायचे, कारण त्या घरात मी तिच्या आधी मिळवलेली ती एकच गोष्ट होती. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. दवाखाने, उपास, करमाडच्या देवीचे नवस, सगळं करून झालं होतं. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच ती जाऊ हसत हसत म्हणाली, "ताई, मलाबी दिवस गेलेत." मला तेव्हा तिसरा महिना होता. माझ्या आनंदात ती वाटेकरी झाली, असंच मला वाटलं.

गारखेड्यातलं आमचं घर दुमजली. खाली ते दोघं आणि सासूबाई, वर आम्ही. दुपारी नवरे शेंद्र्याला कंपनीत गेले की दोन्ही लेकरं खालच्या हॉलमध्ये एकाच चादरीवर पडलेली असायची. मी माझ्या मुलापेक्षा तिच्या मुलीकडे जास्त बघायचे. ती मान कधी धरते, पालथी कधी पडते, याचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का असायचा. माझा आधी पालथा पडला. आधी बसला. मी माहेरी कन्नडला फोन करून आईला सांगितलं, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला, म्हणजे खाली ऐकू जावा.

आणि त्याची झोप. ती तर माझी मिरवायची वस्तू होती. कुकरच्या शिट्टीनं पुतणी दचकून उठायची, माझा हलायचा नाही. एकदा गल्लीतून वरात गेली. डीजेनं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पुतणी रडून रडून लाल झाली, जाऊ तिला पदराखाली घेऊन घरभर फिरत होती, आणि माझं लेकरू चादरीवर शांत झोपलेलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याचं काळीज वाघाचं हाय." ते मी कित्येक दिवस पुरवून पुरवून आठवलं.

मग पुतणीला आवाज फुटला. माझाही आधी "अऽ गुऽ" करायचा, पण ते कमी कमी होत गेलं, आणि मला ते कळलंही नाही. पुतणी मात्र सात-आठ महिन्यांची असताना "बाबाबा" करत सुटली. भंगारवाल्याची हाळी आली की फाटकाकडे बोट करायची. "काका कुठंय?" म्हटलं की दाराकडे बघायची. जावेला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. ती मुळातच बडबडी. भाकरी थापताना भाकरीशी बोलेल अशी. मुलगी मांडीवर घेऊन "आता आपण कांदा कापू, आता कांदा रडवतो बघ आपल्याला," असं दिवसभर चाललेलं. मला त्याचा कंटाळा यायचा. मी एके दिवशी म्हणाले, "इतकं बोलून लेकराचं डोकं पिकेल." ती म्हणाली, "व्हय का ताई?" आणि पुढं बोलतच राहिली.

एका दुपारी दोघंही माझ्याकडे पाठ करून खेळत बसले होते. मी मुलाला त्याच्या नावानं हाक मारली. पुतणीनं वळून बघितलं. तो नाही. पुन्हा मारली. पुन्हा तीच वळली. मला राग आला तो तिचा. माझ्या लेकराच्या नावालाही हीच ओ देते, असं वाटलं. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलेच. तो ठोकळा तोंडात घालून बसला होता तसाच बसून राहिला.

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली, परात आणि लाटणं घेऊन आली आणि त्याच्या मागं उभी राहून जोरात वाजवलं. तिचीच मुलगी घाबरून रडायला लागली. माझा मुलगा तिचं रडणारं तोंड बघून तिच्याकडे सरकला, बस्स. जाऊ खाली बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, याला ऐकू येत नसल."

"तुझी बोलायला लागली म्हणून माझ्यात खोट काढायची?" मी म्हणाले. मुलाला उचलून वर गेले आणि पुढं बरेच दिवस खाली आले नाही. वर मात्र मी रोज करून बघत होते. दार आपटून, डबे पाडून, मिक्सर त्याच्या जवळ नेऊन. तो माझं तोंड दिसलं की हसायचा. तोंड दिसलं नाही की मी त्याच्यासाठी नव्हतेच. मग मी नवऱ्याला सांगितलं.

कानाच्या तपासणीसाठी त्याला झोपवायचं होतं. औषध देण्याची वेळच आली नाही, तो माझ्या खांद्यावर आपोआप झोपला. दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं, असं निघालं. डॉक्टर वयस्क होते, घाई न करता बोलले. "ऐकायचं काम कान करतो असं आपण म्हणतो, पण शिकतो मेंदू. पहिल्या काही वर्षांत तो आवाजाची वाट बघत असतो. आवाज आलाच नाही तर ती जागा तो दुसऱ्या कामाला लावतो. तुम्ही वर्षाच्या आत आलात, हे चांगलं झालं. यंत्रं लावू. आणि घरात बोला, भरपूर बोला."

तुम्ही वेळेत आलात, असं ते मला म्हणाले. वेळेत कोणी आणलं ते मला ठाऊक होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. घरी आल्यावर जाऊ दारातच उभी होती. तिनं मुलाला घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तो परत घ्यावासा वाटला.

यंत्रं लावली तेव्हा तो आधी दगडासारखा थिजला आणि मग घाबरून रडला. ती उपटून फेकणं, मी पुन्हा बसवणं, हे महिनाभर चाललं. आठवड्यातून दोनदा त्याला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचे. घरी मी वर्ग भरवल्यासारखी बसायचे. पेला दाखवायचा, "पाणी". पुन्हा "पाणी". पुन्हा. आणि खाली पुतणी रांगता रांगता शब्द वेचत होती, कुणी न दिलेले. "आलं." "गेलं." "नको." रस्त्यात पडलेलं काही उचलावं तशी. माझा एकेक शब्दासाठी घाम निघत होता आणि तिला ते फुकट मिळत होतं. वर्गात ती आली तर त्यानं उत्तर द्यायच्या आधी तीच "पाणी" म्हणायची. मी तिला बाहेर काढून दाराला कडी घालायला लागले.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना हे मीच सांगितलं, तक्रार म्हणून. त्या म्हणाल्या, "कडी काढा. त्याला तुमच्यापेक्षा ती जास्त हवीय. लेकरू लेकराचं बघून बोलतं."

मला कडी काढावी लागली. पुतणीमागून जाऊही आली. दुपारी ती जिन्याच्या पायरीवर बसायची, एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं, आणि तिची ती अखंड बडबड. तो तिच्या ओठांवर डोळे लावून बसायचा. मी "पाणी" म्हणताना तो असा कधी बसला नव्हता.

त्याला दोन वर्षं होत आली होती. एका दुपारी जाऊ वाळलेले कपडे काढायला मागं गेली. तो पायरीवरून उठला, मागच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "काऊ."

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काकू म्हणलं लेकरू."

"नाही," मी म्हणाले, "कावळ्याला म्हणाला. काऊ."

सासूबाईंनी अंगणात बघितलं. कावळा नव्हता, मीही बघितलं होतं. जाऊ कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभी होती, डोळे भरलेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय ताई, कावळाच होता. आत्ता उडाला." मग कपडे घडी करायला आत निघून गेली. मी तिचे आभार मानले नाहीत. पहिल्यांदा बोललेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं की मी पुढं कितीतरी दिवस कावळाच सांगत होते.

"आई" आला चार महिन्यांनी, मी नळ बंद केला म्हणून चिडून.

आता दोघं एकाच शाळेत, पहिलीत आहेत. त्याचं बोलणं कळतं. "स" आणि "श" त्याला अजून चुकवतात, आणि वर्गात खूप गोंगाट असला की तो बाईंचं तोंड शोधतो. पुतणी कविता म्हणायला पुढं असते. पालकसभेत बाई तिचं कौतुक करतात तेव्हा मी मान हलवते आणि आत काहीतरी चरचरतं. हे जाईल असं मला वाटलं होतं. गेलं नाही.

त्यात शाळेतून आल्यावर तो दप्तर टाकतो ते खाली. कुणी कुणाला मारलं, डब्यातलं काय सांडलं, सगळं आधी काकूला. मी वर पोळ्या लाटत त्याचा आवाज ऐकते. मग तो वर येतो आणि मला दोन वाक्यं सांगतो.

परवा मी विचारलंच, "काकूला एवढं सांगतोस, मला का नाही?"

तो विचार करून म्हणाला, "तू मधेच शब्द नीट करते."

दुसऱ्या दिवशी तो वर आला आणि शाळेबाहेर पडलेल्या एका शायकलची गोष्ट सांगायला लागला. तो शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वापरला. मी ओठ घट्ट मिटून हातातली पोळी लाटत राहिले. गोष्ट लांबली, तव्यावरची पोळी करपली, आणि तो अजून सांगतच होता.