मापाड्याचं वजन

माणूस समोर आला की ते एक डोळा बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत बघत आणि बोलून मोकळे होत, "बासष्ट किलो. जेवून आला वाटते." आमच्या बाजार समितीत धान्य तोलणारे हे मापाडी काका. तुम्ही समोर असता तर तुम्हीही सुटला नसता. मी त्यांच्या काट्यावर पोती चढवणारा हमाल. पहिलं पोतं मोजताना ते "एक" नाही, "लाभ" म्हणायचे. पोत्यावर कोणी हळूच पाय टेकवला की भडकलेच! "पाय काढ बे! काट्याले काऊन फसवून राह्यला?"

अशा माणसाचं स्वतःचंच वजन उतरू लागलं. पोटात कॅन्सरची गाठ निघाली. काकू तुपात भिजवून पोळ्या वाढायच्या, काका खायचेही, तरी हाडं वर येत होती. डॉक्टरांनी समजावलं, गाठ रक्तात असं काही सोडते की अंगातली चरबी वितळत जाते. नुसतं खाऊन ती भरून येत नाही.

"म्हणजे जेवतो मी, अन् हुकूम तिचा चालते," काका म्हणाले. मी हसलो. माझी अक्कल! हसण्यासारखं काय होतं त्यात?

गाल उतरले तसा खालून त्यांच्या वडिलांचा चेहरा वर आला. तेही मापाडीच होते, जाऊन वीस वर्षं झालेली. एका म्हाताऱ्या हमालानं काकांना बघून थेट वडिलांच्या नावानं राम राम घातला, आणि मग ते वारल्याचं आठवून दोन पावलं मागे सरला. तोंड वडिलांचं, आवाज काकांचा. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटायची.

"आणखी वजन उतरलं तर औषध थांबवावं लागेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्यात जाताना काका माझ्या स्कूटरवर मागे बसले की नाही, तेही कळायचं नाही. पण पुढच्या खेपेला गाडी चांगली दबली. मी खूश! दवाखान्याच्या काट्यावर मागच्यापेक्षा दोन किलो जास्त भरले. सिस्टर आकडा लिहिणार, तेवढ्यात सदऱ्याखाली लोखंड खणकलं. कमरेला दुपट्ट्यात दोन-दोन किलोची दोन वजनं बांधलेली!

"काका, औषध वजन पाहून देतात. जास्त झालं तर जीव जाईल!" मी ओरडलो.

"अन् कमी भरलो तर देतच नाई ना, बापू. मले जगायचं हाय." एवढं बोलून ते सगळ्यांसमोर रडले.

मग त्यांनीच दुपट्टा सोडला, पुन्हा काट्यावर चढले, आकडा वाचला. "काटा बरोबर हाय," म्हणाले. औषध थांबलं.

बारा दिवसांत ते गेले. तिरडीला आम्ही चौघे हमालच लागलो. पोतं उचलतो त्या सवयीनं जोर लावला, तर ती एकदम डोक्यांच्याही वर गेली, आणि आम्ही चौघांनी घाबरून तिला खाली ओढून धरलं.