तेरा डिग्रीतली सीताफळं

"गॅस लीक आहे," मी ठासून सांगितलं, आणि तोंडातली सीताफळाची बी हळूच खिशात टाकली.

समोर मॅनेजर महाजन साहेब कपाळाला हात लावून उभे. मी रेफ्रिजरेशन मेकॅनिक, कोल्ड स्टोरेज बिघडलं की मला फोन येतो. भुसावळजवळच्या या केळीच्या पॅकहाऊसमध्ये माझा हा दुसरा दिवस होता, आणि बिघडलेलं काहीच सापडत नव्हतं, हीच पंचाईत. टेम्परेचर तेरा डिग्री, कॉम्प्रेसर ठणठणीत. तरी एक्स्पोर्टची हिरवीगार केळी एका कोपऱ्यात पिवळी पडायला लागली होती. संध्याकाळी कंटेनर निघायचा होता.

परदेशी जाणारं केळं जहाजात हिरवंच राहावं लागतं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि शेजाऱ्यालाही पिकवतं. आंब्याच्या अढीत चालतं तेच. शेजारच्या चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वायू पाइपाने सोडतात, म्हणून माझा सगळा संशय पाइपावर. दोन दिवस मी जॉइंटना साबणाचा फेस लावत होतो. एक बुडबुडा येईल तर शपथ!

कुडकुडत बाहेर आलो की सुमनअक्का हातावर सीताफळ ठेवायच्या. अक्का इथे केळी निवडायच्या कामावर, माहेर धुळ्याकडचं. "खाई ल्या भाऊ, गोड शे." बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन आणि सीताफळ कसं गारेगार! मी मिटक्या मारत खायचो. पॅकहाऊसमध्ये थुंकायची बंदी, म्हणून बिया खिशात. बावीस वर्षं थंडाव्याचा धंदा करणाऱ्या माणसाला एकदाही वाटलं नाही, की हे फळ गार कसं?

अकरा वाजता पंखा बघायला शेवटच्या पॅलेटमागे वाकलो. तिथे गोणपाटाखाली दोन क्रेट. उघडले, तर डोळे वटारलेली पिकलेली सीताफळं! तो वायू पाइपातून नाही, यांच्यातून येत होता. मी एकटाच हसत सुटलो.

दोन्ही क्रेट बाहेर आणून ठेवले. साहेबांनी विचारलं, "सापडला लीक?"

खिशातून पेन काढायला गेलो आणि त्यांच्या बुटांवर बियांचा सडा पडला.

अक्का लगेच पुढे आल्या. "मन्ही चूक शे साहेब. बांधवरनी सीताफळं ऊन मा नासी जातस, म्हणीसन थंडामा ठेवस मी. ड्रायव्हर लोक उपाशी येतस, बठ्ठासले देस." सगळ्यांनाच वाटायच्या त्या. मग हळूच विचारलं, "मालक मले काढी टाकतीन का?"

भीती खरी होती. मालक जळगावला बसायचे, पण चेंबरचे नियम मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नसत. अक्कांचं घर या नोकरीवर चालत होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"ते नंतर," साहेब म्हणाले. "आधी पिवळ्या पेट्या हलवा, नाहीतर सगळी खोली पिकेल."

हलवायच्या कशात? दिवाळीच्या तोंडावर सगळ्या गाड्या कापसाच्या वाहतुकीत अडकलेल्या. साहेबांनी सहा ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन केले, सहाही जणांनी उद्यावर ढकललं. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि आपल्या मोबाइलवरून ओळखीच्या ड्रायव्हरांना एकेक फोन लावला. "रमेशभाऊ, गाडी लई ये ना."

अर्ध्या तासात तीन पिकअप गेटवर! एक ड्रायव्हर जेवता जेवता उठून आला होता, हाताला भरीत तसंच. "अक्कांचा फोन आला आणि बसून राहायचं?" तो म्हणाला आणि पेट्या उचलायला लागला. आम्ही सगळे उचलायला लागलो. साहेबसुद्धा, टाय खांद्यावर टाकून! लग्नघरात उडते तशी धांदल उडाली. पिवळी केळी देवपूरच्या एका व्यापाऱ्याकडे रवाना झाली, त्याला पिकलेलीच हवी होती. हिरवी केळी वेळेवर कंटेनरमध्ये चढली.

राहिला माझा रिपोर्ट. त्यात 'कारण' आणि 'जबाबदार व्यक्ती' असे दोन रकाने असतात. कारण खरं लिहिलं. पुढे पेन अडलं.

"माझं नाव लिहा," साहेब हळूच म्हणाले. "मी रोज दोन खातो."

मग मी माझंही लिहिलं. वॉचमन आला, त्याने आपलं सांगितलं. ग्रेडिंगच्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. ड्रायव्हरांनी फोनवरून नावं दिली. अक्कांचं नाव कुठेतरी मध्ये गेलं. कागद पुरेना, मागची बाजू लागली.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. आम्ही सगळे स्पीकरभोवती गोळा झालो. "महाजन, हा रिपोर्ट आहे की मतदार यादी?" मग ते म्हणाले, "एवढ्यांना काढलं तर मला स्वतः येऊन केळी भरावी लागतील. त्या बाईंना बाहेर एक जुना फ्रिज ठेवून द्या."

अक्का रडल्या आणि आम्ही वेड्यासारखे टाळ्या वाजवल्या. मलाही हुंदका आला, लपवत नाही.

त्या दिवसापासून कुठेही गेलो की मशीन उघडायच्या आधी मी विचारतो, इथे लोकांना खाऊ कोण घालतं? बिघाड सापडतोच असं नाही, पण मदत कोणाकडे मागायची ते कळतं.