पदराची गाठ

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे. तिला धीर द्यायचं काम माझं. पण तिच्या पोटाकडे पाहिलं की माझेच हातपाय गार पडतात. म्हणून जी गोष्ट आजवर कुणाला, माझ्या आईलासुद्धा, सांगितली नाही, ती लिहून काढते आहे. वडिलांनी हौसेनं मला अक्षर शिकवलं होतं. ते असं कामी येईल असं त्यांना वाटलं नसेल.

तेव्हा माझं माहेर बुधवार पेठेत होतं. वडील सरकारी दफ्तरात कारकून होते. मीही अशीच पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. दोन वर्षांपूर्वी त्याच घरात, माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. मूलही गेलं. तीच खोली आईनं आता माझ्यासाठी सारवून ठेवली होती, कारण दुसरी आडोशाची जागाच नव्हती. येता-जाता त्या दाराकडे नजर गेली की काळजात धस्स व्हायचं. आईचंही तेच होत असणार. आम्ही दोघी त्याविषयी अवाक्षर काढत नसू.

मी रोज सकाळी जोगेश्वरीला जायची आणि देवळाबाहेरूनच हात जोडायची. आईला वाटे, मी सुखरूप सुटका मागते. खरं सांगायचं तर मी ते मागतच नव्हते. मी देवीला म्हणायची, "आई, आज नको." एवढंच. मग पायरीवर पडलेल्या अक्षतांतले चार दाणे उचलून पदराच्या टोकाला बांधायची, अगदी करकचून. ही गाठ आहे तोवर आपल्याला काही होत नाही, असं मनाशी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी धुतलं लुगडं आणि नवी गाठ.

देवीनं माझं ऐकलं. नऊ महिने भरले, वर आठवडा गेला, दुसराही सरत आला, तरी कळ म्हणून नाही. आधी मला बरं वाटलं. मग शेजारणी विचारू लागल्या. एक म्हणाली, "काय गं, मूल आतच मुंज उरकून बाहेर येणार वाटतं?" मी हसले. पण त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की बाळाची हालचाल मंदावली आहे. नेहमी जेवल्यावर लाथा मारायचं, ते आता कूस वळल्यासारखं जरासं हलायचं आणि थांबायचं. आमची नेहमीची सुईण तापानं अंथरुणाला खिळलेली. आईचं तोंड पांढरंफटक पडलं. जे मी मागितलं तेच मला मिळालं होतं, आणि आता ते माझ्या बाळाच्या जिवावर उठलं होतं. हे मी कुणाला सांगणार?

त्याच सकाळी मांजरी गावची एक बाई डोईवर वांग्यांची पाटी घेऊन आमच्या दाराशी आली आणि प्यायला पाणी मागू लागली. आईनं वरून पाणी ओतलं. ओंजळीनं पिता पिता तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"दिस वर गेल्यात न्हवं?" ती म्हणाली. "प्वाट खाली उतरलंय. माज्या हातानं गावातली लई पोरं झाल्यात, बाई. आज सुरू केलं पायजे. उद्यावर टाकू नगा."

आईनं तिला आत घेतलं. एरवी अनोळखी बाईला तिनं ओसरीही चढू दिली नसती. आईला थोरलीचं सांगताना रडू फुटलं, तर ती बाई म्हणाली, "थोरलीचं थोरलीसंगं गेलं. ही येगळी हाय." किती साधं वाक्य होतं ते! आमच्या घरात दोन वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं.

तिनं पोटाला कोमट तेल लावलं, तळहात ठेवून बाळाचं डोकं चाचपलं आणि दिव्यासाठी ठेवलेलं एरंडेल मागवलं. गरम दुधातून ते मी कसं प्यायले ते देवीलाच ठाऊक. मग तिनं मला घरभर चालायला लावलं. पोट नुसतं ढवळून निघालं, कंबर धरली, पण कळा येत आणि विरून जात. दुपार झाली. तेव्हा ती म्हणाली, "घरातल्या समद्या गाठी सोडा. कुलपं उघडा, झाकणं काढा. घर मोकळं झालं की बाळाची वाट मोकळी हुती."

आईनं धान्याची पोती सोडली, पेटीचं कुलूप काढलं, कपड्यांच्या वळणीची दोरी सोडली, स्वतःचा अंबाडा मोकळा केला. वडिलांनी दफ्तरातले कागद रुमालांत बांधून घरी आणले होते. आई ते रुमाल सोडायला वळताच वडील गरजले, "सरकारी कागद आहेत ते. बाळंतपणाशी त्यांचा काय संबंध?" आई बरण्यांची झाकणं काढायला गेली. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून मला दिसलं, वडील स्वतः मांडी घालून एकेक रुमाल सोडत बसले होते. त्यांना तसं पाहून मला हुंदका आला.

एवढं सगळं घर माझ्यासाठी मोकळं झालं होतं आणि मी मात्र पदर मुठीत धरून चालत होते. त्या बाईनं ते पाहिलं की नाही, कोण जाणे. मीच भिंतीला टेकले. गाठ सोडायला बोटं धजेनात. ही सुटली की त्या खोलीत जायचं, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. मग पोटात ते हललं, अगदी हलकंसं. मी दातांनी गाठ सोडली. तांदूळ जमिनीवर सांडले. मी देवीला म्हणाले, "आई, मला भीती वाटते. पण आता तू म्हणशील तेव्हा."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कळा आल्या त्या थांबल्याच नाहीत. खोलीत आईनं मला पाठीमागून धरलं होतं. समोर त्या बाईचा शांत चेहरा होता, आणि मला नवल वाटत होतं की मला आता खोलीचं भय वाटत नाही. दिवेलागणीच्या आत माझी लेक झाली. आधी रडली नाही. त्या बाईनं पाठ चोळली, तसं तिनं घर डोक्यावर घेतलं. बाहेरून वडील ओरडले, "ऐकू आलं, ऐकू आलं!"

एरंडेलानं झालं, गाठींनी झालं की देवीनं केलं, मला ठाऊक नाही. ती बाई काही अदृश्य वगैरे झाली नाही. पुढे कित्येक वर्षं आईच्या दारावर वांगी घेऊन यायची आणि मी माहेरी आले असले की माझ्या लेकीला "ही माजी हाय" म्हणायची. आईनं तिला पुन्हा कधी ओंजळीनं पाणी प्यायला लावलं नाही. तांब्या हातात द्यायची.

आता त्याच लेकीचे दिवस भरत आले आहेत. आज सकाळी मी जोगेश्वरीसमोर उभी राहिले, आणि पाहते तर माझी बोटं आपसूक पदराला गाठ मारत होती. मी थांबले. गाठ सोडली, पदर झटकला, आणि मोकळ्या हातांनी घरी आले. लेक दारात उभी होती. म्हणाली, "आई, कंबर धरल्यासारखी वाटतेय." मी तिचा हात धरला आणि तिला म्हटलं, "चल, घरातल्या गाठी सोडू."